ड्रोनसाठी सॅक : बजेट दीड-दोन हजार, अन् पाऊस जांबोटीचा

जांबोटीकर (रविवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. मी चुलतभावाबरोबर लग्नाच्या शूटिंगला जातो. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मित्राकडून डीजेआय मिनी २ हा ड्रोन सेकंडहँड घेतला. तीन बॅटऱ्या, चार्जिंग हब, रिमोट सगळं मिळालं, फक्त त्याची खांद्याला लावायची पिशवी त्यानं आधीच हरवली होती. आत्तापर्यंत ड्रोन टॉवेलात गुंडाळून कॉलेजच्या जुन्या सॅकमध्ये घालून नेतोय. परवा कणकुंबीहून येताना गिंबलवरचं, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागावरचं, प्लॅस्टिकचं झाकण निघून पार तळाला गेलेलं दिसलं अन् पोटात गोळाच आला.

सॅक घ्यायची आहे. बजेट दीड हजार, फार तर दोन. प्रवास मोटारसायकलवर, जांबोटी-खानापूर-बेळगाव, कधी चोर्ला घाटापर्यंत. आमच्याकडचा पाऊस माहीत आहेच सगळ्यांना. कुठली घेऊ?

निपाणीचा_वारा (रविवार, रात्री १०.०५)

लोप्रो कंपनीची घे, डोळे झाकून. दोन हजारांत चांगली कॅमेरा सॅक शोधणं म्हणजे दोन हजारांत म्हैस शोधणं.

जांबोटीकर (रविवार, रात्री १०.११)

ते माहीत आहे ओ दादा, म्हणून तर इथं विचारालोय.

टिळकवाडी_काका (रविवार, रात्री १०.४०)

बाळा, सॅकचं नंतर बघू. आधी एक काम कर. जेवढं सामान रोज न्यायचं आहे तेवढं सगळं चटईवर मांड. ड्रोन, रिमोट, बॅटऱ्या, केबल, पाण्याची बाटली, रेनकोट, डबा. डबा विसरू नको, लोक डबाच विसरतात अन् मग तो ड्रोनच्या डोक्यावर बसतो. मांडून झालं की यादी इथं टाक.

मी पहिल्या वेळी ३५ लिटरची भली मोठी सॅक आणली होती. मोकळी जागा दिसली की माणूस ती भरतो. शेवटी तिच्यात छत्री, चार्जर, औषधं, बायकोनं सांगितलेली कोथिंबीर असं सगळं होतं, अन् ड्रोन सापडत नव्हता.

जांबोटीकर (सोमवार, सकाळी ७.३०)

काका, मांडलं. आईनं विचारलं, दुकान टाकलंस काय. यादी अशी:

ड्रोन, रिमोट (मोबाईल लावायचा), जादा बॅटऱ्या दोन, हब, पॉवर बँक, जादा पंखे अन् तो इवलासा स्क्रू ड्रायव्हर, घडीचं लँडिंग पॅड, कार्ड रीडर, केबल. रेनकोट अंगावरच असतो. पाणी अन् डबा आहेच. कॅमेरा भावाकडे असतो, माझ्याकडे नाही.

टिळकवाडी_काका (सोमवार, सकाळी ८.१५)

आता बघ. मिनी २ चं वजन बॅटरीसकट २४९ ग्रॅम, म्हणजे पाव किलो कुंद्याचा बॉक्स. घडी घातल्यावर लांबी १३८ मिलिमीटर, रुंदी ८१, उंची ५८. आकारही त्या बॉक्सच्या आसपासच. ड्रोनपेक्षा तुझा रिमोट जड, ३९० ग्रॅम. पॉवर बँक धरून सगळं सव्वा-दीड किलो होईल. डबा-पाणी त्याहून जास्त भरेल!

तर तुला 'ड्रोनची सॅक' नकोच आहे. तुला एक साधी, चांगल्या शिलाईची २० लिटरची सॅक पाहिजे अन् तिच्यात ड्रोन न हलता बसेल असा एक डबा किंवा कप्पा. पैसे त्या कप्प्यावर घाल. 'ड्रोन' हा शब्द छापला की त्याच कापडाची किंमत दुप्पट होते.

निपाणीचा_वारा (सोमवार, सकाळी ९.००)

काका, पटत नाही. कॅमेरा सॅकला आत पार्टिशन असतात, तळाला जाड गादी असते. साध्या सॅकला तळाला काय असतं? एक कापड. खाली ठेवली की टक्.

टिळकवाडी_काका (सोमवार, सकाळी ९.१०)

बरोबर. म्हणून तर तळ आपण करायचा.

उद्यमबाग_टर्नर (सोमवार, दुपारी १.२५, जेवणाच्या सुट्टीत)

तळाचं मी सांगतो. आमच्या शॉपमध्ये मशीन केलेले पार्ट पाठवताना पांढऱ्या फोमच्या शीटमध्ये गुंडाळतात. त्याला ईपीई म्हणतात. उद्यमबागेत पॅकिंग मटेरियलवाल्याकडे शीट मिळते, अन् कारखान्यात तर तुकडे असेच पडलेले असतात. मी माझ्या ड्रोनचा कप्पा त्याचाच केलाय, दोन वर्षं झाली.

का तेच, ते नीट ऐका. गादीतला पिवळा स्पंज असतो ना, त्याची भोकं एकमेकांना जोडलेली असतात. पाणी पितो, महिनाभर वाळत नाही, दोन-तीन वर्षांत त्याचा भुगा व्हायला लागतो. तो भुगा गिंबलच्या सांध्यात गेला की झालं. ईपीईची भोकं बंद असतात, पाणी आत जात नाही. ईव्हीए, म्हणजे हवाई चप्पलचं मटेरियल, तेही चालतं. जरा जड अन् कडक असतं, पण टिकतं जास्त. थर्माकोल मात्र अजिबात नको. त्याचे मणी सुटतात, अन् चप्पल चिकटवायचं सोल्युशन लावलं तर थर्माकोल तिथल्या तिथं वितळून खड्डा पडतोय. मी करून बघितलंय.

तळाला २५ मिलिमीटर, बाजूंना १२ ते १५. ड्रोनचा खण त्याच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमीच काप, म्हणजे फोम ड्रोनला स्वतःच धरून राहतो. पूर्ण मापाला कापलास तर मोटारसायकलवर आत खुळखुळणार. फोम कटरच्या आखूड पात्यानं नाही कापला जात, फाटतो. लांब ब्लेड बाहेर काढायचं अन् करवतीसारखं पुढं-मागं न करता एकाच दमात ओढायचं. एक्सा ब्लेडनं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीनं, कापू नका, कडेला केस निघतात.

अजून एक, अन् हे कारखान्यातनं तुकडे आणणाऱ्यांसाठी. ते तुकडे आधी झटका, धुवा, उन्हात घाला. त्यांना लोखंडाचा कीस चिकटलेला असतो. ड्रोनच्या मोटरमध्ये लोहचुंबक आहेत. कीस आत ओढला जातो अन् मोटर करकर करायला लागते. माझी एक मोटर अशीच गेली. आधी बेअरिंग समजलो, उघडून बघतो तर आत काळी मिशी!

जांबोटीकर (सोमवार, दुपारी १.५०)

काळी मिशी 😄 पण टर्नर साहेब, ड्रोन उभा ठेवायचा की आडवा?

उद्यमबाग_टर्नर (सोमवार, सायंकाळी ६.४०)

साहेब कशाला म्हणतोस, मर्दा. कसाही ठेव, पण गिंबलचं झाकण लावून, अन् झाकणावर दाब येता कामा नये. त्या बाजूला फोममध्ये बोटभर जास्त पोकळी ठेव. पंख्यांना रुंद रबर नाहीतर वेल्क्रोचा पट्टा. रिमोटच्या काड्या फिरवून काढायच्या अन् रिमोटच्या पोटातच त्यांची खाच असते तिथं बसवायच्या. काड्या लावलेल्या रिमोटवर डबा बसला की त्या वाकतात, मग ड्रोन हवेत आपोआप डावीकडं जाऊलाय म्हणून ओरडायचं.

शहापूरची_सून (सोमवार, रात्री ८.३०)

फोमचं झालं, आता सॅकचं मी सांगते. मी बॅगा शिवते. दहा-बारा वर्षांपासून आमच्या गल्लीतल्या शाळेच्या पोरांची दप्तरं माझ्याकडेच येतात दुरुस्तीला, त्यामुळे कुठली सॅक कुठं फाटते हे मला दुकानदारापेक्षा जास्त माहीत आहे.

दर वेळी तीनच जागा. पहिली, खांद्याचा पट्टा वर जिथं पाठीला जोडलेला असतो ती. तिथं नुसती एक आडवी शिलाई दिसली तर सॅक घेऊ नका. चौकोन अन् त्यात फुली, अशी शिलाई पाहिजे. पट्टा पाठीच्या कापडात आत शिरून मग शिवलेला पाहिजे, वरून चिकटवल्यासारखा नको. दुकानात एक पट्टा हातात धरा अन् सॅक खाली जोरात झटका. दुकानदार बघेल तर बघू दे.

दुसरी जागा चेन. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० नंबरची चेन पाहिजे. स्वस्त सॅकना ५ नंबर लावतात, ती खिशापुरती ठीक. अन् चेन बिघडली म्हणतात तेव्हा दहांतल्या आठ वेळा चेन चांगली असते, रनर सैल झालेला असतो. वीस-तीस रुपयांचा रनर बदलला की सॅक परत नवी. लोक सॅक फेकून देतात!

तिसरी जागा तळाचे कोपरे. आत हात घालून बघा, कापडाच्या कडेला पट्टी लावून शिवलंय की कडा तशीच मोकळी आहे. मोकळी असेल तर धागे सुटत सुटत शिलाईपर्यंत जातात. कापडावर '६०० डेनियर' वगैरे, म्हणजे धाग्याची जाडी, लिहिलेलं असतं, त्यावर फार जाऊ नका. आतल्या बाजूला नखानं खरवडा. रबरासारखा थर पापुद्रा होऊन निघाला तर पहिल्या पावसातच तो जाणार.

जांबोटीकर भाऊ, जुनी कॉलेजची सॅक म्हणालात ना? तिचा फोटो टाका की.

जांबोटीकर (सोमवार, रात्री ९.०५)

टाकला ताई. सात वर्षांपूर्वीची आहे. एक पट्टा जरा उसवलाय.

शहापूरची_सून (सोमवार, रात्री ९.२०)

अहो ही चांगली आहे की! चेन ८ नंबरची दिसते, तळाला दुहेरी कापड आहे. नवीन दीड हजारात याहून बरी मिळणार नाही. पट्टा शिवून घ्या अन् आत टर्नर भाऊंचा फोम घाला.

निपाणीचा_वारा (सोमवार, रात्री ९.३०)

झालं. सॅक घ्यायचा धागा होता, आता जुनीच वापर म्हणताय.

लोंढा_पॅसेंजर (मंगळवार, सकाळी ६.५५)

जुनी वापरा नाहीतर नवी, पण एक बघा, चेन कुठल्या बाजूला उघडते. माझी सॅक पाठीच्या बाजूनं उघडणारी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत गेलो होतो, गर्दी म्हणजे श्वास घ्यायला जागा नाही. माझ्या मित्राच्या पुढून उघडणाऱ्या सॅकेतून पॉवर बँक अन् पाकीट गेलं, कळलंसुद्धा नाही. माझ्या सॅकची चेन माझ्याच पाठीला टेकलेली, काढणार कशी?

दुसरा फायदा चिखलाचा. खाली ठेवताना पुढची बाजू मातीत, पाठ वर. चेन वर उघडते अन् पाठीला लागणारे पट्टे कोरडे राहतात. चोर्ल्याच्या बाजूला लाल माती, एकदा लागली की शर्ट गेला.

चंदगडी_घाटकरी (मंगळवार, सकाळी १०.१०)

पावसाचं कुणीच बोलेना. आमच्या चंदगडला अन् तुमच्या कणकुंबीला पाऊस वरून नाही पडत, आडवा येतो. सॅकबरोबर मिळणारं रेन कव्हर पुढून झाकतं, पण पाठीच्या बाजूनं पाणी उतरतं, ते सरळ आत. गाडीवर बसलं की मानेवरून ओघळ थेट सॅकच्या पाठीत.

सोपा उपाय म्हणजे आत पिशवी घालायची. मी खताच्या पोत्याच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी वापरतो. जाड, मोठी, फुकट. सगळं सामान तिच्यात, तोंड तीन वेळा गुंडाळून रबर. आमच्या आजीचं इरलं होतं तसं समजा, फक्त आतून घातलेलं.

उद्यमबाग_टर्नर (मंगळवार, दुपारी १.१५)

खताची पिशवी नको! कितीही धुवा, खताचा क्षार राहतोच. दमट हवेत तो पाणी ओढतो अन् बॅटरीच्या पिना हिरव्या पडतात. किराणा दुकानात मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी दहा-पंधरा रुपयांना मिळते.

चंदगडी_घाटकरी (मंगळवार, दुपारी १.४०)

हे डोक्यात नव्हतं आलं. माझ्या जुन्या बॅटरीच्या पिना हिरव्या झाल्या होत्या खऱ्या, मी समुद्राला शिव्या दिल्या. गोव्याला गेलो होतो ना.

शहापूरची_सून (मंगळवार, दुपारी २.३०)

आजीचं इरलं माझ्या माहेरी अजून माळ्यावर आहे, खानापूर तालुक्यात. भात लावणीला पाठीवर घ्यायचे. पाठ कोरडी, हात मोकळे. सॅकवाल्यांनी बघावं एकदा.

टिळकवाडी_काका (मंगळवार, सायंकाळी ५.२०)

पिशवीबरोबर सिलिका जेलची पुडी टाका. निळे मणी असतात, ओल ओढली की गुलाबी होतात. तव्यावर मंद आचेवर परतले की परत निळे. पण ड्रोन भिजला असेल तर तसाच पिशवीत कोंडू नका. आधी बॅटरी काढा, पुसा, वाऱ्यावर ठेवा. मिनीला पावसापासून कसलंही संरक्षण नाही, हे कंपनीच सांगते.

बॅटऱ्या एकमेकींवर आपटणार नाहीत अशा ठेवा अन् त्यांच्या खिशात किल्ल्या, नाणी नकोत. मे महिन्यात सॅक उन्हातल्या कारमध्ये सोडायची नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, निम्म्याच्या आसपास बरी. सांबऱ्याहून विमानानं जाणार असलात तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच. चेक-इनच्या बॅगेत लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत. म्हणजे सॅक सीटखाली मावेल एवढीच हवी, हाही एक मुद्दा.

निपाणीचा_वारा (मंगळवार, सायंकाळी ६.००)

काका, सांबऱ्यावरून आठवलं. हा पोरगा लग्नात बेळगावात उडवणार. परवानगीचं काय?

टिळकवाडी_काका (मंगळवार, सायंकाळी ६.३५)

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरतात अन् त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून कुठंही उडवायचं असं नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटांच्या वर नाही. आपल्याकडे सांबऱ्याला हवाई दल, शहरात कॅम्प अन् मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. मंगल कार्यालय कुठं आहे ते नकाशावर बघितल्याशिवाय सॅकची चेन उघडू नकोस. भीमगड अभयारण्यात तर वनखात्याला विचारल्याशिवाय नाहीच.

मॉडरेटर (मंगळवार, रात्री ८.००)

नियमांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे सॅकवर बोलू.

लोंढा_पॅसेंजर (मंगळवार, रात्री ८.२०)

सॅकवरच बोलतो. लोहचुंबकाची बटणं असलेली सॅक घेऊ नका. झाकण 'टप्' करून बसतं, दिसायला छान. ड्रोनचा कंपास त्याच्या शेजारी तासभर राहिला की उडवताना कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा परत जुळवून, मागतो. कॅसलरॉकला वधू-वर ताटकळत उभे, अन् मी ड्रोन हातात धरून गोल गोल फिरतोय. नवरीची आजी म्हणाली, ह्याला ओवाळायला सांगितलंय काय!

निपाणीचा_वारा (मंगळवार, रात्री ८.४५)

ठीक आहे, मीही खरं सांगतो. ब्रँडेड सॅक घे म्हटलं, कारण आधी मी एक स्वस्त 'ड्रोन सॅक' ऑनलाइन मागवली होती. नाव घेत नाही. फोटोत सात पार्टिशन, प्रत्यक्षात वेल्क्रो एवढा फालतू की पहिल्याच खड्ड्यात पार्टिशन पडून रिमोट ड्रोनवर. अन् ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तयार परदेशी ड्रोन दुकानातून सरळ येत नाही. पार्टसाठी कुणाकुणाच्या हातापाया पडावं लागलं. ड्रोनचा हात मोडला तर नवा घेऊ असं म्हणायची सोय नाही. म्हणून सॅकच्या बाबतीत मी घाबरट झालोय.

टिळकवाडी_काका (मंगळवार, रात्री ९.००)

घाबरट बरा. माझी मूळ भूमिका तरी तीच आहे, ड्रोन हलता कामा नये. ते लोप्रोनं होवो नाहीतर पॅकिंगच्या फोमनं.

जांबोटीकर (पुढच्या सोमवारी, रात्री ९.१५)

मंडळी, आता सांगतो काय केलं ते.

फोम टर्नर अण्णांनी दिला. उद्यमबागेत जाऊन आणला, चहा त्यांनीच पाजला. झटकला, धुतला, दोन दिवस पाऊस असल्यामुळे चुलीच्या वर टांगून वाळवला. आता ड्रोनला धुराचा वास येतोय. पहिला खण मापाला कापून फसला, सैल झाला. दुसरा कमी मापाचा कापला, तो घट्ट बसलाय.

पट्टा शिवायला खानापुरात एका बॅगवाल्याकडे दिला. 'नाळे बर्री' म्हणाला, म्हणजे उद्या या. मी बुधवारी गेलो, नाळे. गुरुवारी गेलो, नाळे. शेवटी शनिवारी त्याच्यासमोरच बसलो तेव्हा पाच मिनिटांत झालं. चौकोन अन् फुली दोन्ही मारून घेतली, ताई.

काल चोर्ल्यापर्यंत जाऊन आलो. येताना चांगलाच झोडपला पावसानं. घरी येऊन उघडलं. सॅक बाहेरून ओली चिंब, पाठ ओली, डबा ओला (डबा पिशवीच्या बाहेर होता, त्यात पाणी शिरून आमटी वाढली). आतली पिशवी कोरडी. गिंबलचं झाकण जागच्या जागी.

एक चूक झाली. रिमोटच्या काड्या काढायच्या विसरलो. वाकल्या नाहीत, पण फोमला दोन भोकं पाडून बसल्यात.

शहापूरची_सून (सोमवार, रात्री ९.२५)

खर्च किती आला ते सांगा की भाऊ.

जांबोटीकर (सोमवार, रात्री ९.३२)

शिलाई ऐंशी, पिशव्या दोन तीस, वेल्क्रो चाळीस, सिलिका जेल साठ. दोनशे दहा. बॅगवाल्याकडे चार हेलपाट्यांचं पेट्रोल वेगळं, ते त्याच्या नावावर.

निपाणीचा_वारा (सोमवार, रात्री ९.४०)

खणांची मापं टाक. मलाही करायचंय.

जांबोटीकर (सोमवार, रात्री ९.५८)

ड्रोनचा खण १३५ बाय ७८, खोली ६०, गिंबलच्या बाजूला १५ जास्त. बॅटऱ्यांचे खण मापून नाही, बॅटरी फोमवर ठेवून पेननं रेघ मारली अन् रेघेच्या आतून कापलं. रिमोटचं सांगत नाही, तो खण परत करायचाय.